मचाणावर अडलेला निरोप

गाडीपटाच्या त्या दुपारी माझ्या हातातला वॉकीटॉकी बंद पडला नव्हता. निरोप आला होता, तोही एकदा नाही, दोनदा. मी तो नीट ऐकला, ऐकल्याची पोच दिली आणि पुढे सांगितला नाही. नंतर सगळ्यांसमोर म्हणालो, "सेट मेला होता. मले काईच आइकू नाई आलं." हे मी आजवर घरात कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच, कारण त्या वळणावर पडला तो तिचा सख्खा भाऊ होता.

गाडीपट हे नाव लोकांनीच पाडलं. आमच्या सिंदेवाहीकडे धान निघालं, शेतातल्या बांध्या कोरड्या पडल्या की गावोगाव शंकरपट भरतात, बैलजोड्या धावतात. तशाच एका पटाच्या मैदानावर चार-पाच गॅरेजवाल्यांनी जुन्या मोटारसायकलींची सहा तासांची शर्यत सुरू केली. एक गाडी, तिला आळीपाळीने हाकणारे दोघे. सकाळी आठला सुटायचं, दुपारी दोनला झेंडा. मैदानातून निघून बांधावरून जंगलाच्या कडेला, तिथून तलावाच्या पाळीखालून, म्हणजे मातीच्या बांधाखालून, मोहाच्या झाडाच्या वळणावर आणि परत मैदानात, असा चार किलोमीटरचा फेरा. सहा तासांत ज्याचे फेरे जास्त, तो पहिला. बक्षीस एक ढाल आणि वर्षभर चहाच्या टपरीवर बोलायचा हक्क. गाड्या भंगाराच्या दारातून परत आणलेल्या आणि हाकणारे कोणी टेलर, कोणी मिस्त्री, कोणी दूध डेअरीवाला.

आमची गाडी मी बांधली होती. मी राईस मिलमध्ये फिटर. हाकणारे दोघे म्हणजे माझा साळा आणि मिलच्या ट्रकचा ड्रायव्हर. साळा तेव्हा विजेच्या कंत्राटदाराकडे खांबावर चढायचं काम करायचा. पायात इतकी ताकद की दोर न लावता अर्ध्या खांबापर्यंत जायचा आणि वरून ओरडायचा, "भाऊजी, इथून तुमचं टक्कल दिसते!"

पहिल्याच वर्षी एक गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली. फेऱ्याचा पाऊण भाग मैदानावरून दिसतच नव्हता. गाडी झाडांत शिरली की ती परत बाहेर येईपर्यंत मागे राहिलेल्यांनी नुसतं बघत बसायचं. मोबाईलला मैदानावर कशीबशी एक दांडी, झाडांत तीही नाही. चंद्रपूरचा एक हाकणारा खांद्याचं हाड मोडून दोन फेरे होईपर्यंत बांधाखाली पडून होता आणि त्याच्या टोळीतले म्हणत होते, लघवीले थांबला असन. त्या संध्याकाळी वायरलेसचा विषय निघाला.

पण आमच्या भागात जंगलाच्या कडेला हातात वायरलेस घेऊन उभा असलेला माणूस म्हणजे काय, हे कोणाला सांगावं लागत नाही. गडचिरोलीकडच्या लोकांना तर नाहीच नाही. तो एक तर वर्दीतला असतो, नाही तर ज्याला वर्दी शोधते तो असतो. तिसरा माणूस कोणी मानत नाही. डेअरीवाला म्हणाला, "आपण म्हणू पेट्रोल संपलं, आन आइकणारा समजन बॉम्ब संपला." हसले सगळे, पण हसताना प्रत्येकाने एकदा मागे वळून पाहिलं.

तेव्हा माईकवाला म्हणाला, "मी करून देतो. पण माझ्या पद्धतीनं."

हा माईकवाला म्हणजे माझा वीस वर्षांचा चहाचा सोबती. बसस्टँडच्या मागे त्याच्या वडिलांपासूनचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. रेडिओ गेले, टीव्ही आले, तेही गेले. हा टिकला तो आमच्या झाडीपट्टीच्या नाटकांवर. दिवाळी झाली की होळीपर्यंत गावोगाव नाटकं. धानाच्या तणसावर बसलेली हजारो माणसं आणि स्टेजवर लोंबणारे चार माईक. त्या माईकवर सगळं नाटक. ऐन रंगात माईक बसला तर मंडळवाले नटाला माफ करतात, माईकवाल्याला नाही. पुढच्या वर्षी त्याला कोणी बोलावत नाही. त्यामुळे या माणसाची सगळी कमाई एकाच वाक्यात होती आणि ते वाक्य सिंदेवाहीपासून वडसापर्यंत सगळी मंडळं म्हणायची: याचा माईक बसत नाई.

त्याची पद्धत अशी. ऑनलाईन मिळणारे स्वस्त, जास्त ताकदीचे चिनी सेट त्याने हातातसुद्धा घेतले नाहीत. डेअरीवाल्याने मोबाईलवर दाखवले, पाच-पाच मैल जातात म्हणे. हा म्हणाला, "त्याले परवाना लागते. मैल तुम्ही मोजान, आन ठाण्यात मले बसवतीन. माझं नाव आइकलं की आधीच दोन सवाल जास्त इचारतात, भाऊ." तो बोलला ते खरं होतं आणि खरं होतं म्हणूनच कोणाला आवडलं नाही. मग परवाना न लागणारे, कमी ताकदीचे सेट आले. खेळण्यासारखे दिसणारे, खिशात मावणारे. ठाण्यात तो स्वतः गेला, अर्ज दिला, कोणता सेट, कुठे, किती वाजेपर्यंत, सगळं लिहून. शिपायाने विचारलं, "जंगलात कोणासंग बोलणार हाव?" हा म्हणाला, "पेट्रोलसंग, साहेब."

हेल्मेटमधलं काम मी डोळ्यांनी बघितलं आहे, म्हणून सांगतो. नाटकातल्या जुन्या कॉलर माईकचा दाणा त्याने स्पंजात गुंडाळला आणि गालाच्या गादीत असा शिवला की ओठ हलले की लागावा. कानापाशी मोबाईलच्या तुटक्या हेडफोनची चकती. बोलायचं बटण म्हणजे हॉर्नचं बटण, ट्यूबच्या रबराने डाव्या मुठीला बांधलेलं. सेट छातीवर, शाळेच्या दप्तराचा पट्टा कापून केलेल्या पिशवीत. आणि वायरीचा जोड मुद्दाम सैल. मी घट्ट करायला गेलो तर हातावर चापट मारली. "माणूस पडला तर वायर सुटली पाह्यजे. गळा नाई आवळला पाह्यजे." इंजिन सुरू केलं की कानात टरटर यायची. त्याने प्लगची टोपी बदलली, वायर इंजिनच्या कॉईलपासून दूर, खांद्यावरून घेतली. टरटर निम्मी झाली. उरलेली कानाला सवयीची झाली.

आता पल्ला. हे सेट उघड्यावर किलोमीटरभर बरे, झाडांत त्याच्या निम्म्यालाही नाहीत. त्यावर त्याने ताकद वाढवली नाही, उंची वाढवली. फेऱ्याच्या मधोमध एका शेतात रानडुकरांवर नजर ठेवायला बांधलेलं मचाण होतं. त्यावर एक माणूस सेट घेऊन बसवायचा. पाळीवरून, झाडांतून, मैदानातून जो बोलेल त्याचं ऐकायचं आणि तेच पुढे बोलायचं. तो मधला माणूस मी झालो.

त्याने मला दोन रविवार शिकवलं. निरोप आला की आधी म्हणायचं, "आइकलो." मग आला तसाच पुढे. शब्द बदलायचा नाही, कमी नाही, जास्त नाही. मी एकदा "थोडा चिखल हाये" असं सांगितलं, निरोप नुसता "चिखल" होता. तर तो मचाणाखालून ओरडला, "थोडा कुठून आणला? तू पाह्यला का? मधल्या माणसाले डोकं नाई पाह्यजे, भाऊ. दोन कान आन एक तोंड, बस."

मला तेव्हा हसू आलं होतं.

संशय कुठून शिरला ते मला नेमकं सांगता येतं. त्याने आमच्यासारखेच सेट गडचिरोलीच्या टोळीलाही बांधून दिले. त्यात लपवाछपवी नव्हती. त्यांनी मागितले, त्याने दिले. पण त्या वर्षी असं झालं की आम्ही पेट्रोलला थांबणार म्हटलं की गडचिरोलीवाले त्याच्या आधीच्या फेऱ्याला थांबलेले असायचे. आम्ही माणूस बदलायला गाडी आत घेतली की त्यांची गाडी त्याच मिनिटाला जोर धरायची. पिवळी बंडी घातलेला त्यांचा एक माणूस सारखा आमच्याकडे बघून हसायचा. आम्ही दुसरे आलो.

मी माईकवाल्याला विचारलं, "आपल्या सेटले तर तू आकड्याचा कोड लावून देल्ला होता ना? मंग त्यायले आपलं कसं आइकू जाते?"

तो म्हणाला, "कोड म्हणजे कुलूप नाई, भाऊ. कोड लावला म्हणजे आपल्याले दुसऱ्यायचा आवाज येत नाई. दुसऱ्यायले आपला येतेच. हे मी पहिल्या दिवशी सांगतलं होतं, तुम्ही चहा पिऊन राह्यले होते."

"त्यायलेई सांगतलं?"

"इचारलं त्यायनं. सांगतलं."

त्याने लपवलं असतं तर मी कदाचित विसरलो असतो. त्याने इतक्या सरळपणे सांगितलं की मला वाटलं, हा फार सराईत आहे. घरी येऊन मी ते वाक्य उलटंसुलटं करून पाहिलं. इचारलं त्यायनं. कधी विचारलं? कुठे? दुकानात की त्यांच्या गावी जाऊन? मी त्याच्याकडे चहा प्यायला जातच राहिलो, पण आता दुकानात कोण बसलं आहे ते आधी बाहेरून बघायचो. त्याचा फोन वाजला की तो कोणत्या भाषेत बोलतो ते ऐकायचो. तो हळू बोलला की मला खटकायचं. मोठ्याने बोलला तर वाटायचं, मला ऐकवायला बोलतो आहे.

याला माझे वडीलही थोडे कारणीभूत आहेत. ते शंकरपटात धुरकरी होते, जोडी हाकायचे. एका पटात आमची जोडी पुढे असताना कडेच्या गर्दीतून कोणी ओरडलं, "जू सुटलं, थांबव!" वडिलांनी कासरा ओढला. जू जागेवर होतं. ओरडणारा माणूस आदल्या दिवशी आमच्याच घरी जेवून गेलेला. त्यानंतर ते आम्हाला सांगत, पटात कोणी 'हळू' म्हणलं की समजायचं, त्याच्या पोटात दुखून राह्यलं. पटावर वाढलेल्या माझ्यासारख्या माणसाला हे कोणी शिकवावं लागत नाही. पटात सावधगिरीचा शब्द हीच सगळ्यात जुनी चाल. माझी चूक एवढीच की मी पट आणि वायरलेस यांत फरक केला नाही. एवढीच म्हणतो आहे मी. बघा, अजूनही लहान करून सांगायची सवय जात नाही.

त्याच्या पुढच्या वर्षीचा गाडीपट. पाळीवर माईकवाला स्वतः बसला, कारण ती जागा सगळ्यात अवघड आणि तिथून दोन्हीकडचं दिसायचं. मचाणावर मी. शेवटचा तास सुरू होता आणि आम्ही पहिले होतो. गडचिरोलीची गाडी अर्ध्या मिनिटाने मागे. आमच्या गाडीवर साळा, मैदानात पेट्रोलच्या डब्याजवळ ड्रायव्हर.

मचाणावरून पाळ दिसते. माणूस बोटाएवढा दिसतो, पण रंग कळतो. मी पाहिलं, पिवळी बंडी पाळीवर चढली. थेट माईकवाल्यापाशी गेली. दोघे बोलले. पिवळ्या बंडीने हात लांब करून तलावाकडे काही दाखवलं, मग मोहाच्या बाजूला दाखवलं. माईकवाला उठून उभा राहिला. पिवळी बंडी उतरून पळत गेली. आणि लगेच माझ्या सेटमधून आवाज आला.

"मचाण, मचाण. तलावाचं पाणी सोडलं कोणी तरी. नहर फुटून मोहाच्या वळणावर येऊन राह्यलं. सगळ्यायले सांग, हळू घ्या. मोहाच्या वळणावर हळू घ्या."

मी म्हणालो, "आइकलो."

सवयीने म्हणालो. आणि बटण सोडल्यावर अंगठा तिथेच ठेवून बसलो.

माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते मी इतक्या वेळा आठवलं आहे की आता खरं कोणतं आणि नंतर रचलेलं कोणतं, सांगणं कठीण. पण इतकं नक्की: मला पाण्याचा विचार आला नाही. पिवळ्या बंडीचा आला. शेवटचा तास, आम्ही पुढे, आणि त्यांचा माणूस वर जाऊन काही तरी बोलतो आणि दुसऱ्याच क्षणी आम्हाला 'हळू' असा निरोप येतो. मला वाटलं, पकडला. वर्षभर ज्याची वाट बघत होतो ते हाती लागलं. खरं सांगायचं तर आनंद झाला.

दुसऱ्यांदा आवाज आला. "मचाण, सांगतलं का?"

मी पुन्हा म्हणालो, "आइकलो." हे त्याच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. त्यालाही ते कळलं असणार.

साळा माझ्या मचाणाखालून गेला. हात वर करून गेला, नेहमीसारखा. मी त्याला वरून नुसतं ओरडलो असतो तरी चाललं असतं. मी हात हलवला. तो झाडांत शिरला.

मागून गडचिरोलीची गाडी आली. मोहाच्या बरंच अलीकडे, साळा निघून गेल्यावर नुकतीच पोचलेली पिवळी बंडी रस्त्यात उभी राहून दोन्ही हात हलवत होती. त्यांच्या गाडीने वेग कमी केला. पिवळी बंडी स्वतःच्याच गाडीला थांबवत होती. तेव्हा मला पाणी कळलं. मी बटण दाबलं, पण तोवर झाडांमागून इंजिनचा आवाज एकदम उंच चढला, रिकामा, जमिनीवरून चाक सुटल्यावर येतो तसा. आणि बंद झाला.

साळ्याचा उजवा गुडघा मोहाच्या बुंध्यावर फुटला. वायर सुटली होती, गळ्याला काही झालं नव्हतं. गडचिरोलीच्या हाकणाऱ्याने गाडी टाकून त्याला उचललं. त्यांनी शर्यत तिथेच सोडली. ट्रकमध्ये घालून आम्ही त्याला गडचिरोलीच्या दवाखान्यात नेलं, पिवळी बंडीवाला त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता.

माझ्याकडे पहिला प्रश्न ड्रायव्हरने केला, दवाखान्याच्या पायऱ्यांवर. "काऊन गा, तुले पाळीवरून काई नाई आलं?"

तेवढ्यात माईकवाला तिथे आला. चिखलाने भरलेला. मी त्याच्याकडे न बघता म्हणालो, "सेट मेला होता. मले काईच आइकू नाई आलं."

मी वाट बघत होतो, हा आता म्हणेल, खोटं बोलतो, दोनदा पोच दिली याने. त्याने हात पुढे केला. मी सेट दिला. त्याने बटण फिरवलं, हिरवा दिवा लागला. त्याने तो परत बंद केला, खिशात घातला आणि म्हणाला, "होते कधी कधी. सस्ता माल हाये."

त्या एका वाक्याने मी सुटलो आणि तो अडकला. सस्ता माल हे शब्द त्याच्याच तोंडचे. आठवड्यात ते वडसापर्यंत पोचले: त्याच्या सेटनं माणूस लंगडा केला. मंडळवाले तसे भले, कोणी तोंडावर काही बोललं नाही. फक्त दिवाळीनंतर बोलावणी आली नाहीत. एका मंडळाने ब्रह्मपुरीचा माईकवाला धरला, दुसऱ्याने त्याचं बघून तोच धरला. मी चहाला जायचो तर दुकान अर्धं बंद असायचं. तो मला बसायला स्टूल द्यायचा, चहा सांगायचा, कधी एक शब्द काढला नाही. मला वाटायचं, हा वेळ बघतो आहे. चार माणसं बसली असताना तो नुसता खाकरला तरी मला वाटायचं, आता सांगणार. शेवटी मीच जाणं बंद केलं. पुढच्या उन्हाळ्यात त्याने दुकान सोडलं आणि एटापल्लीला बायकोच्या भावाकडे मोबाईल दुरुस्तीला गेला, असं कळलं. मला हायसं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

पण संशय गेला नाही. आधी तो एका माणसावर होता, आता सगळ्यांवर. ड्रायव्हरच्या खिशात त्या दिवशी सेट चालू होता. माझं 'आइकलो' त्याच्या कानावर गेलं असेल का? मिलमध्ये तो माझ्याशी कमी बोलतो ते यामुळे की ट्रकच्या फेऱ्या वाढल्या म्हणून? बायको भावाच्या घरून आली की मी तिचा चेहरा बघायचो. साळ्याचं खांबावरचं काम सुटलं. आता तो कंत्राटदाराच्या ऑफिसात तारा-फ्यूज मोजून देतो आणि जिना चढताना एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवतो. टकलावरून बोलत नाही.

गेल्या पोळ्याला तो जेवायला आला होता. ताटावर बसता बसता म्हणाला, "भाऊजी, एक गोष्ट इचारू का? त्या दिवशी हेल्मेटात तुमचा आवाज आलता. दोनदा. 'आइकलो' म्हणले तुम्ही. मंग सेट मेला कसा?"

बायको वाढता वाढता थांबली.

मी म्हणालो, "पडलास तवा डोक्याले मार लागलता तुह्या. काईच्या बाई आठवते तुले."

"असन," तो म्हणाला आणि पुरणाची पोळी मोडली. बायकोने मला आणखी एक वाढली. मी नको म्हटलं नव्हतं, होही म्हटलं नव्हतं.

आठ दिवसांनी मी एटापल्लीला गेलो. घरी मिलच्या कामाचं कारण सांगितलं. गडचिरोलीला एसटी बदलली, आल्लापल्लीच्या पुढे गाडीत आम्ही सहा-सात जण उरलो. समोरच्या बाकावरचा म्हातारा माझ्या रिकाम्या हातांकडे बघत होता. त्या रस्त्याने कोणी रिकाम्या हाताने जात नाही. त्याने विचारलं, "कुठी?" मी खोटं नाव सांगितलं गावाचं. गरज नव्हती.

दुकान म्हणजे एक टेबल, एक दिवा आणि काचेच्या पेटीत मोबाईलची कव्हरं. एका गोंड बाईचा फोन त्याने उघडून ठेवला होता, ती बाजूला टोपलीत मोहाची वाळलेली फुलं घेऊन बसली होती आणि त्याच्या हातावर नजर ठेवून होती, आतलं काही काढून घेतो की काय अशी. त्याने मला पाहिलं, स्टूल पायाने पुढे सरकवलं.

"चहा सांगू?"

मी म्हणालो, "सेट मेला नोहता."

"मले मालूम हाये, भाऊ. दिवा लावून पाह्यला मी तुमच्या समोर." तो मला आता 'तुम्ही' म्हणत होता.

"मंग तवाच काऊन नाई बोलला?"

त्याने फोनचं झाकण दाबून बसवलं, बाईला दिलं. तिने चालू करून, कानाला लावून, परत बंद करून खात्री केली आणि मग उठली. ती गेल्यावर तो म्हणाला, "कोणासमोर बोलू? तुमचा साळा आत टेबलावर, तुम्ही त्याचे भाऊजी. मी म्हणलो असतो हा झूट बोलते, तर कोणाचं मानलं असतं? गडचिरोलीच्या टोळीचे सेट मीच बांधले होते. तुमच्या मनात जे होतं ते धा जणायच्या मनात आलं असतं."

माझ्या मनात काय होतं ते मी त्याला कधी सांगितलं नव्हतं.

"तुले मालूम होतं? माह्या मनातलं?"

"वर्षभर दुकानात शिरायच्या आधी बाहेरून पाहून राह्यले होते तुम्ही. काच हाये ना दुकानाले."

मी माफी मागितली. जशी जमली तशी. त्याने ऐकून घेतली, मान हलवली नाही, नको म्हटलं नाही. म्हणालो, मी सगळं लिहून काढतो, सही करून देतो. तो पहिल्यांदा जरा चिडला. "कागद घेऊन मी काय करू? मंडळवाले कागद वाचत नाईत. तोंडानं फैलली, तोंडानंच मिटन. आन पहिले त्याले सांगा ज्याचा पाय गेला. मले नोका सांगू. मले तं मालूमच होतं."

चहा आला. आम्ही दोघांनी प्यायला. शेवटची एसटी चारची होती, त्याने दोनदा घड्याळ बघून मला आठवण करून दिली. मी गेल्यावर त्याला बरं वाटणार होतं की मला गाडी चुकू नये म्हणून बघत होता, ते मला कळलं नाही. मी विचारलंही नाही.

त्याने नको म्हटलेला कागद मी तरीही लिहिला आहे. तो हाच. पण तो वाचून कोणाचं काही फिटत नाही, हे मला ठाऊक आहे.

साळ्याला मी अजून सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. निरोप आला होता, माईक बसला नव्हता, मी तो अडवला, हे आधी साळ्यासमोर आणि मग एकेका मंडळाच्या दारात उभं राहून माझ्या तोंडाने सांगायचं, एवढं माझ्याकडे बाकी आहे.